हिरवं पान कोणी दिलं?

मी एक भिंग बोलतोय. काळी मूठ, पितळी कडं आणि मधे तळहाताएवढी काच. मुठीला चीर गेली आहे, कड्याची चमक केव्हाच उडाली आहे आणि काचेवर इतके ओरखडे आहेत की माझ्यातून बघणारा माणूस आधी स्वतःचे डोळे चोळतो. दोष त्याच्या डोळ्यांचा नसतो. मीच थकलोय. जन्मभर बारीक अक्षरं वाचली की कोणीही थकेल.

जन्मलो तेव्हा मी नुसता काचेचा जाड, ओबडधोबड तुकडा होतो. मला चाकावर घासलं, ओल्या भुकटीने घासलं, मग आणखी बारीक भुकटीने घासलं. घासणारा कामगार मधूनमधून मला उजेडाकडे धरायचा, मान हलवायचा आणि परत चाकावर ठेवायचा. शेवटी एकदा त्याने मान हलवली नाही, तेव्हा मी तयार झालो असं ठरलं.

माझे पहिले मालक नकाशांच्या कचेरीत होते. ते माझ्यातून नद्या बघायचे. नकाशावर केसाएवढी निळी रेघ असायची आणि माझ्याखाली आली की ती वळणं घेत वाहायला लागायची. सुखाचे दिवस होते. नकाशाला कोणाला काही विकायचं नसतं. पुढे कचेरीत यंत्रं आली, टेबलं मोडीत निघाली आणि एका टेबलाच्या खणात पडलेला मी टेबलासकट जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडलो. तिथे एका मुक्या रेडिओशेजारी मी बराच काळ काढला.

तिथून मला ताईंनी उचललं.

ताई पन्नाशीच्या होत्या. केस आखूड, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं कमी. रसायनं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतली नोकरी त्यांनी नुकतीच सोडली होती. भिंग हातात आलं की लोक आधी आपलं नख बघतात. ताईंनी पिशवीतून शाम्पूची बाटली काढली, उलटी केली आणि मागची अक्षरं माझ्याखाली धरली.

"हं," त्या म्हणाल्या, "आता लपणार कुठे?"

हे त्या बाटलीला उद्देशून होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की नद्यांचे दिवस संपले.

ताईंनी मला एका ग्राहक भांडारात आणलं. भांडाराच्या दाराशी, टोपल्यांच्या चळतीशेजारी त्यांना एक टेबल आणि खुर्ची मिळाली होती. टेबलावर पाटी होती: 'लेबल समजून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत.' पाटीखाली मी. कोणी चोरून नेऊ नये म्हणून मला दोरीने टेबलाला बांधलं होतं. माझ्यासारख्याला कोण चोरणार, पण भांडाराच्या व्यवस्थापकांचा स्वभावच तसा होता. संध्याकाळी ताई दोरी सोडून मला पिशवीतून घरी न्यायच्या.

त्या टेबलावर मी काय काय पाहिलं! झाडं पाहिली, पानं पाहिली, थेंब, पृथ्वीचे गोळे, गोल फिरणारे बाण आणि दोन हातांच्या ओंजळीत उगवलेलं रोपटं पाहिलं. साबणावर पान, कागदी रुमालावर पान, झुरळं मारायच्या औषधावरसुद्धा पान. एवढी झाडी मी नकाशात कधी पाहिली नव्हती.

आणि माणसं! कोणी माझ्यातून बोटातला काटा शोधायचा, तर कोणी सोडतीचं तिकीट पुन्हा पुन्हा वाचून बघायचा, जणू मोठं करून पाहिलं की आकडा बदलेल. पण बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा.

"ताई, घेऊ की नको, तेवढं सांगा."

ताई तेवढं कधीच सांगायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "हे चिन्ह कोणी दिलंय? कशाबद्दल दिलंय? आणि देण्याआधी तपासलंय कोणी?" गिऱ्हाईक बाटली फिरवून फिरवून बघायचं आणि बहुतेक वेळा उत्तर सापडायचं नाही. कधी मात्र सापडायचं. चिन्हाखाली संस्थेचं नाव असायचं, एक क्रमांक असायचा आणि त्या क्रमांकावरून संस्थेकडे चौकशी करता यायची. तसं काही दिसलं की ताईंचा चेहरा उजळायचा. "ही बघा, ही खरी तपासलेली. कारखान्याबाहेरच्या माणसांनी तपासलेली," असं त्या घरातल्या पोराचं कौतुक करावं तशा सांगायच्या.

रोज भांडारात फेरी मारणारे एक निवृत्त गृहस्थ होते. वाद घालायची हौस म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत, जन्मात कोर्टाची पायरी चढले नव्हते तरी. ते एकदा प्लास्टिकची बरणी घेऊन आले. तळाला तीन बाणांचा त्रिकोण होता आणि आत एक आकडा.

"हे बघा. म्हणजे ही बरणी पुन्हा वापरलेल्या प्लास्टिकची. बरोबर?"

"आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो," ताई म्हणाल्या. "ते आधी वापरलेलं होतं का, पुढे कोणी वितळवणार आहे का, यातलं काही त्यावरून कळत नाही. तुमच्याकडे ते गोळा कोण करतं, त्यावर सगळं आहे."

वकीलसाहेबांनी बरणीकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं मी नुसते बाण बघून स्वतःची पाठ थोपटत होतो?"

"बरणी चांगली आहे हो. पाठ थोपटू नका, बरणी वापरा."

मला हसता येत नाही, नाहीतर हसलो असतो.

गिऱ्हाइकांसारखे धंदेवालेही यायचे. कोणी खोकी बनवणारा, कोणी लॉजवाला. त्यांचा प्रश्न उलटा असायचा. "ताई, आम्हालाही असं एखादं हिरवं काहीतरी लिहायचंय. काय लिहू?" ताई विचारायच्या, "तुम्ही वेगळं काय केलंत?" लॉजवाला म्हणायचा, "अजून काही केलं नाही, पण लिहून तर ठेवतो." अशा वेळी ताई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. मीही शेजारी पडून राहायचो. 'नैसर्गिक', 'स्नेही', 'हरित', 'शुद्ध' हे शब्द मी इतक्यांदा मोठे करून दाखवले होते की ते मला आतून पोकळ दिसू लागले होते.

आता खरी गोष्ट सांगतो.

ताईंना एक धाकटा भाऊ होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो फरशी पुसायचं द्रव बनवायचा. तो, त्याची बायको आणि बाटल्या भरून त्यांवर कागद चिकटवणाऱ्या दोन बायका, एवढाच त्याचा कारखाना. त्यांची आईही त्याच्याकडेच राहायची. धाकटा मनाने साधा, बोलायला गोड आणि कामाला वाघ. आठवड्यातून एकदा तो हातगाडीवर खोकी लादून भांडारात माल घालायला यायचा आणि जाता जाता ताईंच्या टेबलावर टिचकी मारून म्हणायचा, "काय न्यायाधीशबाई, आज कोणाला फाशी?"

त्याच्या बाटलीवर मोठं हिरवं पान होतं. छापखानावाल्याने दोनतीन नमुने दाखवले, त्यात पान बरं दिसलं म्हणून ते घेतलं, एवढाच त्या पानाचा इतिहास. ताईंनी त्याला घरी जेवताना त्याबद्दल दोनदा टोकलं होतं. मी तेव्हा पिशवीत होतो, पण पिशवीतून ऐकू येतं.

"अगं ताई, पान आहे ते, पान," तो हसून म्हणाला होता. "कोणाला चावतंय का?"

मग एके दिवशी भांडारात पाळणाघरवाल्या मावशी आल्या. नोकरीवर जाणाऱ्या आयांची तान्ही आणि रांगती मुलं त्या आपल्या घरी सांभाळायच्या. त्यांच्या हातात धाकट्याची बाटली होती.

"ताई, पोरं दिवसभर जमिनीवर असतात," त्या म्हणाल्या. "खाली पडलेलं उचलून तोंडात घालतात. एक तर फरशीच चाटतं. मी हे पान बघून घेते नेहमी. नक्की काय आहे हो हे पान?"

धाकटा तिथेच होता. खांद्यावर खोकं घेऊन मांडणीपाशी उभा होता. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. ताईंनी मला उचललं आणि बाटलीवर धरलं. खरं तर गरज नव्हती, पान चांगलं मोठं होतं. हाताला काहीतरी काम हवं असतं माणसांच्या, म्हणून धरलं असावं. 

"मावशी, हे पान कोणी दिलेलं नाही," ताई म्हणाल्या. "छापखान्यातलं आहे. बाटलीत काय आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही."

मावशींनी बाटली परत मांडणीवर नेऊन ठेवली. मागे उभ्या असलेल्या आणखी एक बाई ऐकत होत्या, त्यांनी आपल्या टोपलीतली काढून ठेवली. धाकटा खोकं खांद्यावरून उतरवायचंच विसरला होता. दुकान जरा रिकामं झाल्यावर तो टेबलापाशी आला.

"ताई, इथे शंभर बाटल्यांवर पानं आहेत. तुला माझंच दिसलं?"

"त्यांनी तुझीच विचारली."

"सख्ख्या बहिणीने माझ्या तोंडावर..."

"मग काय करू? तू बघतोयस म्हणून त्यांच्याशी खोटं बोलू?"

त्याने खांद्यावरचं खोकं खाली ठेवलं. हातगाडी ढकलत निघून गेला. टेबलावर टिचकी मारली नाही.

त्यानंतर माल घालायला दुसराच माणूस यायला लागला. ताई सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला जायच्या, तेव्हा धाकटा शेडमध्ये जाऊन बसायचा. जेवायला हाक मारली तर आतून म्हणायचा, "तुमचं होऊ द्या." मी ताईंच्या पिशवीत असायचो आणि त्या स्वयंपाकघरातली शांतता मला ऐकू यायची. भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. आई एकदा म्हणाली, "एका ताटात जेवून मोठे झालात दोघं. आता एका बाटलीवरून ताटं वेगळी?" ताईंनी पाणी प्यायलं आणि तांब्या हळूच खाली ठेवला.

त्या दिवसांत ताईंचं टेबलावर लक्ष नसायचं. कोणी काही विचारलं की उत्तर बरोबर द्यायच्या, पण आवाजात जीव नसायचा. पाळणाघरवाल्या मावशी येऊन गेल्या की त्या बराच वेळ माझी मूठ नुसती चोळत बसायच्या. मुठीची चीर तेव्हाचीच.

एका दुपारी, भांडारात चिटपाखरू नव्हतं तेव्हा, धाकट्याची बायको आली. पिशवीतून बाटली काढून तिने टेबलावर ठेवली.

"वन्सं, मी आज गिऱ्हाईक म्हणून आलेय, भावजय म्हणून नाही," ती म्हणाली. "हे पान खरं करायचं असेल तर काय करावं लागतं, ते सांगा."

ताईंनी तिला बसायला खुर्ची दिली. स्वतः उभ्या राहिल्या.

"पान आपलं आपण लावायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तपासणारी संस्था असते, तिच्याकडे अर्ज करायचा. तुम्ही काय काय वापरता, कुठून आणता, उरलेल्याचं काय करता, ते सगळं ते विचारतात. येऊन शेड बघतात. माल तपासून घेतात. पटलं तर चिन्ह देतात, आणि दिलं तरी पुन्हा पुन्हा येऊन बघतात. खर्च आहे, वेळ आहे, डोकेदुखी आहे. पण आधी मला सांग, तुमच्या पिंपात काय आहे?"

"जंतुनाशक. पिंपवाला पुरवठादार ते इको माल म्हणूनच देतो."

"इको म्हणजे काय?"

भावजयीने बाटली फिरवून पाहिली. "ते आम्ही कधी विचारलंच नाही," ती म्हणाली.

ताईंनी माझी दोरी सोडली. मला पिशवीत टाकलं आणि दोघी निघाल्या.

शेडमध्ये धाकटा नरसाळं लावून बाटल्या भरत होता. ताईंना बघून त्याने पाठ फिरवली, पण भरायचं थांबवलं नाही. भावजयीने कोपऱ्यातलं जंतुनाशकाचं निळं पिंप दोन्ही हातांनी धरून फिरवलं. पिंपाच्या भिंतीकडच्या अंगाला एक कागद होता. ओघळांनी अर्धा धुऊन गेलेला, कडा सुटलेल्या. ताई गुडघे टेकून खाली बसल्या आणि मला त्यावर धरलं.

मी आजवर बघितलेल्या हजारो चिन्हांपैकी हे एक चिन्ह मी विसरणार नाही. लाल कडांचा टोकावर उभा चौकोन, आत एक झाड आणि एक मासा.

"ते मला माहीत आहे," धाकटा पाठमोराच म्हणाला. "झाड आणि मासा. निसर्गाचं चिन्ह आहे ते. म्हणून तर पान लावताना मला काही गैर वाटलं नाही. आता त्यालाही नावं ठेव."

 ताई उठल्या आणि मला त्याच्यापुढे धरलं. "तूच बघ."

त्याने नरसाळं खाली ठेवलं, हात पुसले आणि मला घेतलं. त्याचा हात ताईंपेक्षा जड होता. तो वाकला. त्याचा डोळा माझ्यामागे आला, मोठा, थकलेला, कडांना लाल.

"झाडाला पानं नाहीत," तो म्हणाला.

"हो."

"मासा उताणा आहे."

"हो."

"ताई... हा मासा मेलाय."

"खालचं वाच."

खाली मुंगीएवढी अक्षरं होती. त्याने एकेक शब्द जुळवत वाचलं. पाण्यातल्या जिवांना अतिशय घातक. उघड्यावर किंवा पाण्यात सोडू नये.

तो उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. मी त्याच्या मांडीवर होतो. शेडच्या दाराबाहेर एक उघडी नाली होती. पिंपं आणि भांडी धुतलेलं पाणी त्या नालीतून मागच्या तळ्यात जायचं. तिघंही त्या नालीकडे बघत होती.

"हल्ली तळ्यावर बगळे येत नाहीत," भावजय हळूच म्हणाली.

"ते यामुळेच, असं मी म्हणणार नाही," ताई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय नाही."

"आणि पाळणाघरातली मुलं?" धाकट्याने विचारलं. 

"बाटलीत हे थोडंसंच पडतं. लोक वर बादलीभर पाणी घालतात. तेवढ्याने मुलांना काही झालं असेल असं मला वाटत नाही. पण मी डॉक्टर नाही. आणि पान लावावं असं तर त्यात काहीच नाही."

धाकट्याने मान डोलावली. मग अचानक म्हणाला, "मी लबाड नाही गं ताई."

"मला माहीत आहे रे," ताई म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी, त्याच खोक्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर टेकल्या. दोघांना ते खोकं पुरत नव्हतं. तरी बसले.

दुसऱ्या दिवशी धाकटा स्वतः पाळणाघरात गेला. मी तिथे नव्हतो, भावजयीने नंतर ताईंना सांगितलं ते मी ऐकलं. मुलं खाली रांगत होती. एकाने त्याच्या पायजम्याला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. त्याने तसंच उभ्याउभ्या मावशींना सगळं सांगितलं, चिन्ह कसं उलटं समजलं तेसुद्धा. मावशी ऐकून घेत राहिल्या. रागावतील, ओरडतील, असं त्याला वाटलं होतं.

"ते राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "उद्यापासून फरशी कशाने पुसू, तेवढं सांग."

"साध्या साबणाच्या पाण्याने पुसा," तो म्हणाला. "माझं घेऊ नका."

धंदा करणाऱ्या माणसाच्या तोंडून 'माझं घेऊ नका' हे शब्द ऐकल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

मग ते पिंप परत गेलं. पुरवठादार फोनवर म्हणत होता, "अहो, सगळे हेच घेतात, तुम्हीच पहिले कुरकुर करणारे." धाकट्याने फोन ठेवून दिला. नालीचं पाणी खड्ड्यात अडवलं. जंतुनाशकाशिवायचं साधं द्रव कसं बनवायचं, यावर ताई आणि भावजय कितीतरी दुपारी शेडमध्ये खपल्या. फेस जास्त व्हायचा, नाहीतर फरशी चिकट व्हायची. एकदा तर आईच्या खोलीतली फरशी इतकी निसरडी झाली की आई दारातूनच म्हणाली, "मला मारायचं असेल तर सरळ सांगा, एवढी मेहनत कशाला?"

शेवटी जमलं. मग प्रश्न आला लेबलाचा. सगळी स्वयंपाकघरात बसली होती, मी टेबलावर.

"'निसर्गाला कमी घातक' असं लिहू," धाकटा म्हणाला.

"कशापेक्षा कमी? किती कमी?" ताईंनी विचारलं.

"'पर्यावरण जपणारं'?" भावजय म्हणाली.

"तू जपतेस. बाटली काय जपते?"

"मग लिहायचं तरी काय?" धाकटा वैतागला. "कोरा कागद चिकटवू?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत जे आहे ते लिहा की. साखरेच्या डब्यावर मी साखर लिहिते. गोडाची राणी लिहीत नाही."

मग तसंच लिहिलं. आत काय आहे, बादलीत किती घालायचं, रिकामी बाटली परत आणून दिली तर भरून मिळेल. आणि खाली एक ओळ: 'आम्ही अजून कोणाकडून तपासून घेतलेलं नाही.' छापखानावाल्याने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "हे असं कोणी छापतं का हो?"

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण जग तेवढं दयाळू नाही.

पान गेलं तसं गिऱ्हाईकही गेलं. भांडारात ती बाटली सगळ्यात खालच्या मांडणीवर गेली, गुडघ्याच्याही खाली. शेजारी एका मोठ्या कंपनीची बाटली आली, तिच्यावर तीन पानं होती. लोक तीन पानांची उचलायचे. धाकट्याकडच्या दोन बायकांपैकी एकीला काम नाही म्हणून सांगावं लागलं. ती रोजच्यासारखी खरकटा डबा धुऊन घेऊन गेली. त्या दिवशी धाकटा ताईंना म्हणाला, "खरं बोलल्याचे हे असे पैसे मिळतात का?"  

आणि एक दिवस आमचं टेबलही गेलं. तीन पानांच्या कंपनीचा माणूस व्यवस्थापकांकडे येऊन बसला होता. व्यवस्थापक वाईट गृहस्थ नव्हते. ताईंपुढे येऊन ते टोपल्या सारख्या करत उभे राहिले.

"ताई, तुमचं सगळं बरोबर असतं हो. पण इथून गेलेली माणसं माल परत ठेवतात. वरून विचारणा होते."

"टेबल कधी हलवताय?"

"आपण तिथे एक टीव्हीसारखा पडदा लावतोय. बटण दाबलं की चांगल्या वस्तू दिसतात."

"कोणी ठरवलेल्या चांगल्या?"

व्यवस्थापकांनी टोपल्या पुन्हा एकदा सारख्या केल्या. ताईंनी वाद घातला नाही. टेबलावरची धूळ तळहाताने पुसली, मला पिशवीत ठेवलं आणि उठल्या. दाराशी वकीलसाहेब भेटले. पहिल्यांदाच त्यांनी वाद घातला नाही. ताईंच्या हातातली पाटी घेतली आणि रस्त्याच्या वळणापर्यंत धरून चालले.

आता मी शेडच्या दारात, खिळ्याला लटकलेला असतो. नवीन पिंप आलं की ते आत घेण्याआधी भावजय मला काढते आणि पिंपाभोवती एक चक्कर मारून सगळे कागद वाचते. टेम्पोवाला कपाळावर हात मारतो. "बाई, पिंप आहे, स्थळ नाही," तो म्हणतो. ती वाचतच राहते.

ताई दुपारी येतात. त्यांच्यामागे आता इथे माणसं येऊ लागली आहेत. भांडारात यायची तशी गर्दी नाही, पण येतात. कागदी पिशव्या करणाऱ्या बाई, मेणबत्त्यांवर काय लिहावं विचारणारा एक जण, मुलांच्या वसतिगृहाची रेक्टर. रेक्टरबाई आल्या त्या 'अजून तपासून घेतलेलं नाही' ही ओळ वाचूनच. म्हणाल्या, "जो हे लिहितो, त्याचं बाकीचं तरी खरं असेल." आता वसतिगृहाचे कॅन दर महिन्याला इथे भरून जातात. काम नाही म्हणून गेलेली बाई अर्धा दिवस का होईना, परत यायला लागली आहे.

खऱ्या चिन्हासाठी धाकट्याने अर्ज केला. दोन माणसं आली, शेड बघितली, नाली बघितली, नमुने घेऊन गेली. मग कळलं, सुगंधासाठी वापरतो त्याचा तपशील अपुरा आहे, सध्या चिन्ह देता येत नाही. मला वाटलं, हा आता खचणार. 

"नाही म्हणाले," तो मग ताईंना म्हणाला. "म्हणजे खरंच तपासतात."

ताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

माझं आता फार राहिलेलं नाही. काच पांढुरकी होत चालली आहे, कडं सैल झालंय. एखाद्या दिवशी खिळ्यावरून सुटेन आणि शेडच्या फरशीवर संपेन. त्याचं मला वाईट वाटत नाही. जाण्याआधी लिहिणाऱ्यांना एकच सांगायचंय. जे सांगायची लाज वाटत नाही, ते मोठ्या अक्षरात लिहा. आणि ज्याची वाटते, ते मुंगीएवढं करून माझ्या गळ्यात मारू नका. घेणाऱ्यांनो, पान दिसलं की घाईत हात पुढे करू नका, विचारा. उत्तर देणारा वैतागला तरी विचारा. तुम्ही विचारायचं सोडता ना, तेव्हा मी सगळ्यात जास्त दमतो.

परवा पाळणाघरवाल्या मावशी शेडवर आल्या होत्या. बऱ्याच काळाने. त्यांनी नवीन बाटली उचलली आणि सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. मग तो वाटेतच थांबला. अक्षरं मोठी होती. त्यांनी बाटली हातभर लांब धरली, सगळं लेबल ओठ हलवत खालपर्यंत वाचलं, बाटली पिशवीत टाकली आणि गेल्या.

मला कोणी खिळ्यावरून काढलंच नाही. वाऱ्याने जरा हललो तेवढाच. फार दिवसांनी विश्रांती मिळाल्यासारखं वाटलं.